सांगली-साताऱ्याच्या वाचनालयांना खुले पत्र: चित्रकथा मोठ्यांच्या कपाटात ठेवा

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथनिवड समितीचे सदस्य आणि ग्रंथपाल,
सांगली व सातारा जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालये

सप्रेम नमस्कार,

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याची माडी आम्ही काही चित्रकथाकारांनी मिळून भाड्याने घेतली आहे. लांब टेबले, सगळ्यांत मिळून एक स्कॅनर, एक लाइट टेबल आणि खिडकीच्या उजेडात बसायच्या जागा. आमच्यातला एक जण शाळेत चित्रकला शिकवतो. एक जण लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्यांची कामे घेऊन घर चालवते. एकाची नोकरी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आहे. उरलेल्या वेळात, बहुतेक रात्री, आम्ही मराठीत चित्रकथा काढतो. अलीकडे आमची तीन पुस्तके पुरी झाली आणि चौथे टेबलावर आहे. त्यांची बातमी आपल्याला द्यावी आणि त्याच निमित्ताने एक मागणी करावी म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

मागणी आधीच सांगतो. मोठ्यांसाठी काढलेली चित्रकथा मोठ्यांच्या कपाटात ठेवा, आणि दाखल नोंदवहीत लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचेही नाव लिहा.

हे का लिहावे लागते, ते सांगतो. महापुरावरचे आमचे पुस्तक आपल्यापैकी एका वाचनालयाने विकत घेतले. आम्हाला फार आनंद झाला. पुढे एका वाचकाकडून कळले की ते बालविभागात, ससा-कासवाच्या गोष्टींशेजारी ठेवले आहे. त्या वाचकाचे स्वतःचे घर पुरात गेले होते. त्यांनी पुस्तक मागितले तेव्हा बालविभागाचे पुस्तक मोठ्यांच्या कार्डावर देता येत नाही, असे उत्तर मिळाले. नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात फक्त संवाद लिहिणाऱ्याचे नाव होते. पुस्तकातला शब्द न् शब्द एका कागदावर मावेल. बाकी सगळे जिने केले, तिचे नाव त्या वाचनालयाच्या दप्तरी कुठेच नाही. यात ग्रंथपालांचा दोष नाही. त्यांनीच पुस्तक घ्यावे म्हणून समितीत आग्रह धरला होता. नोंदवहीच तशी आखलेली आहे आणि कपाटांची वाटणीही तशीच ठरून गेली आहे. ती वाटणी बदलण्याचा अधिकार आपल्या मंडळांना आहे, म्हणून आपल्यालाच लिहितो.

आता त्या पुस्तकाविषयी. २००५, २०१९, २०२१ ही साले सांगलीकराला समजावून सांगावी लागत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत सगळे शहर एकच प्रश्न विचारत होते, “पुलाला किती?” आमच्या सहकारी चित्रकर्तीने सगळ्या पुस्तकाची रचना या एका प्रश्नावर उभी केली. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला फुटांच्या खुणा आहेत आणि त्या वेळच्या पातळीवर पाण्याची रेघ ओढलेली आहे. सुरुवातीला पाणी चौकटींच्या खाली, पानाच्या तळाशी असते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातली कुटुंबे गॅसची शेगडी आणि पोरांची दप्तरे माळ्यावर चढवतात तेव्हा ते खालच्या ओळीतल्या चौकटींत शिरते. मारुती चौकापर्यंत आले की अर्धे पान पाण्याखाली जाते. मग माणसे वरच्या चौकटींत दाटीवाटीने गोळा होतात, त्यांच्या बोलण्याचे फुगे एकमेकांवर चढतात, आणि एका पानावर तर फुग्यालाच जागा उरत नाही. माणसे आहेत, तोंडे उघडी आहेत, शब्द नाहीत. पाणी ओसरू लागते तशा चौकटी परत मिळतात, पण प्रत्येक चौकटीवर चिखलाचा एक पट्टा राहतो. तो शेवटच्या पानापर्यंत पुसला जात नाही.

हा परिणाम पानाच्या मांडणीतून होतो. कोणती चौकट किती उंच, पाणी तिच्यात कुठवर, बोलणे कुठे थांबवायचे, हे सगळे चित्रकर्तीने ठरवले. या पुस्तकाची लेखिका तीच आहे. आपल्या नोंदवहीत ती असली पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी.

दुसरे पुस्तक प्रतिसरकारचे, म्हणजे साताऱ्यात क्रांतिकारकांनी चालवलेल्या समांतर सरकारचे. ७ जून १९४३ रोजी त्याच्या तुफान सेनेने, म्हणजे सशस्त्र दलाने, शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या नेतृत्वाखाली. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. संस्थाने सोडली तर सगळा मुलूख साताऱ्याचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे ही गोष्ट आपल्या दोन्ही जिल्ह्यांची आहे, आणि पत्रही दोन्ही जिल्ह्यांना आहे.

गद्य लिहिणाऱ्याला ‘गाडी अडवली’ असे लिहून पुढे जाता येते. चित्रकाराला ती गाडी काढावी लागते. पुणे-मिरज लोहमार्ग त्या काळी मीटरगेज होता. म्हणजे आज आपण पाहतो त्यापेक्षा इंजिन लहान, डबा अरुंद, आणि डब्याच्या दारात उभ्या माणसाचे प्रमाण वेगळे. कंदील कसा होता? पायात वहाणा होत्या की पाय उघडेच? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रानात काय उभे होते? सात जून म्हणजे मृग निघायची वेळ. बहुतेक राने नांगरून, कुळवून पेरणीला मोकळी ठेवलेली. ज्वारीच्या ताटांत दबा धरून बसलेली माणसे काढणे सोपे होते आणि चित्र उठावदार झाले असते, पण त्या दिवसांत तिथे ज्वारी उभी नसते. म्हणून आमच्या पुस्तकातली माणसे ओढ्याच्या कडेला आणि बांधाच्या आडोशाला आहेत, आणि मागे उघडी काळी जमीन आहे. ती उघडी जमीन आली आणि प्रसंगातली भीती आपोआप वाढली. पुस्तकाच्या कामात कुंडल परिसरात कच्ची पाने घेऊन हिंडलो. एरवी “आता काय आठवतंय बाबा” म्हणणारी म्हातारी माणसे पेन्सिलीचे चित्र पुढे धरले की लगेच बोट ठेवायची. पटका असा नव्हे, असा. शिदोरी अशी बांधत नव्हते. मुलाखतीत जे हाती लागले नसते ते या दुरुस्त्यांतून हाती लागले. मौखिक इतिहास गोळा करणाऱ्यांनी ही पद्धत जरूर वापरून पाहावी असे आम्हाला मनापासून वाटते. ते पुस्तक इतिहासाच्या कपाटात ठेवण्याजोगे आहे, असे आम्ही संकोच न करता म्हणतो.

तिसरे पुस्तक मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांवर आहे आणि त्यात एकही शब्द नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बातम्या आल्या, कारागिरांचे फोटो छापून आले. आम्हाला त्या फोटोंत न येणारी गोष्ट काढायची होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळतो, कापला जातो, त्याला गळा जोडतात, नक्षी होते. इथपर्यंत चित्र सोपे. मग जवारी, म्हणजे तारेचा नाद जुळवण्याचे काम, येते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. हाताची हालचाल इतकी बारीक की बघणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते, आणि ऐकणाऱ्याला सगळे बदललेले असते. कागदावर आवाज कसा आणायचा? चित्रकाराने पानभर चौकटी सारख्या ठेवल्या. तोच हात, तीच घोडी, तोच उस्तादांचा झुकलेला कान. बदलते ती फक्त तारेची रेघ. आधी ती तुटक आणि खरखरीत आहे, मग हळूहळू रुंद होत जाते, आणि शेवटी पानाच्या कडा ओलांडून समोरच्या पानावर जाते. आमच्या सगळ्यांच्या कामांत हे सर्वोत्तम आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. माडीवर सर्वांना ते मान्य नाही.

याच पुस्तकावरून एका ग्रंथनिवड समितीत प्रश्न आला होता की शब्द नाहीत तर ते मराठी पुस्तक कसे धरायचे? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देतो. मिरजेच्या गल्लीत मराठी चित्रकाराने, मराठी प्रकाशनाच्या बळावर, मराठी वाचकासाठी केलेले पुस्तक आहे. ज्याला वाचता येत नाही असा कारागीर स्वतःवरचे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचतो. सार्वजनिक वाचनालयाला याहून योग्य पुस्तक मिळणे कठीण.

चौथे काम हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे. जमिनीखालच्या त्या कोठारांत हवा पोहोचत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, आधी हवा जाऊ देतात. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. जमिनीचा उभा छेद दाखवणारी अरुंद, उंच पाने त्यासाठी केली आहेत. अजून बरेच काम बाकी आहे.

चित्रकाराचे नाव नोंदवा म्हणतो तेव्हा आणखी एका हाताचा विचार करावा, तो म्हणजे अक्षरलेखन करणाऱ्याचा. इंग्रजी चित्रकथेत बहुधा सगळी मोठी अक्षरे असतात, एका उंचीची, दोन रेघांमध्ये बसणारी. देवनागरीला वरून वेलांट्या, मात्रा, रफार, खालून उकार. तेवढाच मजकूर असला तरी फुगा उंच होतो आणि चित्रातली जागा खातो. म्हणून मराठी फुग्याची जागा पेन्सिलीच्या पहिल्या आराखड्यातच राखून ठेवावी लागते. मजकूर भाषांतर होऊन आला आणि परक्या फुग्यात कोंबला की वाचताना डोळा अडखळतो. आपल्या पिढीने अशी पुष्कळ भाषांतरित कॉमिक्स वाचली आहेत. मूळ मराठीत काढलेले पान त्यापुढे ठेवून पाहिले तर फरक कोणालाही दिसेल.

आणि नावांचे म्हणाल तर, ज्यांनी लहानपणी पौराणिक चित्रकथांचे गठ्ठे वाचले त्यांना संपादक अनंत पै हे नाव माहीत असते. चित्रे काढणाऱ्या राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची नावे किती जणांना माहीत आहेत? आपल्या मनातला कृष्ण, आपल्या मनातला शिवाजी महाराजांचा घोडा यांतले कितीतरी या दोन महाराष्ट्रीय हातांनी आपल्याला दिले. वाचनालयाच्या यादीत त्यांच्या नावाने शोधू गेले तर काही सापडत नाही.

आपल्या काही अडचणी आम्ही ऐकल्या आहेत. पुस्तक पातळ असते, कणा टिकत नाही, किंमत पानांच्या मानाने जास्त वाटते, सभासद पंधरा मिनिटांत वाचून परत आणतो आणि लगेच दुसरे मागतो. कण्याचे खरे आहे. नव्या पुस्तकांना आम्ही शिवण घालून घेतली आहे, नुसत्या डिंकावर सोडलेले नाही. किमतीचेही खरे आहे. रंगीत छपाईच्या लहान आवृत्तीला प्रतीमागे खर्च जास्त येतो, आणि वाचनालयांनी घेतल्याशिवाय आवृत्ती मोठी होत नाही. पंधरा मिनिटांचे मात्र पटत नाही. कवितासंग्रहही पंधरा मिनिटांत वाचून होतो, पण म्हणून कोणी तो बालविभागात ठेवत नाही.

वर्गीकरणाचा प्रश्न तर सुटलेलाच आहे. ड्युई दशांश पद्धतीत चित्रकथेला ७४१.५ हा क्रमांक आहे, रेखाचित्रकलेच्या वर्गातला. त्यात बालवाङ्मयाचा काही संबंध नाही. मुलांसाठी काढलेली चित्रकथा बालविभागात जाऊ द्या, ती तिथेच हवी. वाचक कोण आहे हे पाहून कपाट ठरवा, एवढेच मागणे.

आमचे हे मागणे या मुलुखाला नवे वाटू नये. खटाव तालुक्यातल्या औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ छापून प्रसिद्ध केले. प्रसंगामागून प्रसंग, चित्रांतून उलगडणारी कथा. पुढे भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले त्यामागे याच राजाचा आग्रह आणि मोठी देणगी होती, आणि ती आवृत्ती सचित्र व्हावी अशी त्यांची इच्छा होती. औंधच्या डोंगरावरचे त्यांचे संग्रहालय आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ग्रंथ आणि चित्र यांच्यात उच्चनीच नाही, हे शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थानिकाला पटले होते. इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. नाट्यपंढरी म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. तेच भावे लाकडाच्या बाहुल्या घडवणारे कारागीरही होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कथा सांगणारा हात आणि वस्तू घडवणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, याचे उदाहरण आपल्याच गावात आहे.

एक विनंती तातडीची आहे. निर्लेखनाच्या, म्हणजे दप्तरातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, याद्या करताना जुने दिवाळी अंक, ‘चांदोबा’चे आणि ‘किशोर’चे जुने अंक, इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी प्रती रद्दीत जातात. ‘फाटके’, ‘वाचनयोग्य नाही’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. पुराने तर कितीतरी अंक आधीच नेले. मराठी चित्रकथेचा इतिहास लिहायचा म्हटले तर त्याचा मोठा भाग या अंकांतच आहे. मांडणी, अक्षरे, छपाईचे रंग, चित्रकारांच्या कोपऱ्यातल्या सह्या, सगळे तिथे आहे. निर्लेखनाचा ठराव होण्याआधी आम्हाला एक दिवस द्या. आम्ही येऊन अंक चाळू, महत्त्वाची पाने स्कॅन करू, चित्रकारांच्या नावांची यादी करू, आणि स्कॅनची एक प्रत आपल्या वाचनालयाला देऊ. यासाठी आम्ही पैसे घेणार नाही.

जिल्हा ग्रंथोत्सवात कथाकथन असते, कविसंमेलन असते, परिसंवाद असतात. त्यात चित्रकथेचे एक सत्र ठेवता आले तर आमची तयारी आहे. मूळ पाने भिंतीवर लावू. मूळ पानावर खोडलेल्या रेघा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या जागा, कडेला लिहिलेल्या सूचना दिसतात, आणि मुलांना त्याचे फार कुतूहल असते. साताऱ्याकडच्या वाचनालयांना एक जास्तीची विनंती आहे. भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव उभे आहे आणि घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडलेली आहेत. तिथल्या एखाद्या घरी मराठी चित्रकथांचे कपाट व्हावे यासाठी आपण शब्द टाकावा. पुस्तके आम्ही आमच्याकडून देऊ, आणि महाराष्ट्रातल्या इतर चित्रकथाकारांकडूनही मागवून घेऊ.

अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचे मानधन तुटपुंजे आहे, छत गळते, हे सगळे आम्ही सभासद म्हणून पाहतो. म्हणून नव्या खर्चाची मागणी केलेली नाही. आहेत त्या चित्रकथा दुसऱ्या कपाटात हलवायच्या आहेत, नोंदवहीत एक रकाना वाढवायचा आहे, आणि जिथे संगणकावर यादी आहे तिथे चित्रकाराच्या नावाने शोध लागेल अशी सोय करायची आहे. हा रकाना मागे जाऊन भरायचा झाला तर तेही काम आम्ही वाटून घेऊ. कोणते पुस्तक कोणी चित्रित केले हे मुखपृष्ठामागच्या पानावर बहुधा छापलेले असते, फक्त उतरवून घ्यायचे आहे. सुट्टीच्या दिवशी दोघे-तिघे येऊन बसलो तर एका मध्यम वाचनालयाचे काम उरकेल.

आपल्या ग्रंथनिवड समितीची पुढची बैठक कधी आहे, तेवढे कळवा. पुस्तके आणि मूळ पाने घेऊन आम्ही येतो. समितीने पाने हातात घेऊन पाहावीत, प्रश्न विचारावेत, आणि मग निर्णय करावा.

आपले नम्र,
गावभाग, सांगली येथील सामायिक स्टुडिओतले चित्रकथाकार